सहाव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत म्हणजे नेमकं काय?

मागच्या जूनमध्ये धाकट्या बहिणीचा फोन आला, आवाज पार बसलेला, "ताई, ठोकेच नाहीत गं." पाळी चुकून जेमतेम बारा-तेरा दिवस झाले होते, घरी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून दोघं उत्साहात सोनोग्राफीला गेले, आणि बाहेर आले ते हा कागद घेऊन. तिने रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. सॅक १२ मिमी, योक सॅक ३ मिमी, सीआरएल (गर्भाची लांबी) २.६ मिमी, कार्डियाक ॲक्टिव्हिटी (ठोके) दिसत नाही, १० ते १४ दिवसांनी परत स्कॅन करावा. एवढंच. पण संध्याकाळपर्यंत घरात नातेवाइकांचे फोन सुरू झाले आणि कोणीतरी म्हणालंच की ठोके नाहीत तर वाट कशाला बघायची, अंगात विष पसरेल, क्युरेटिंग करून मोकळी हो.

मी डॉक्टर नाही. पण माझं स्वतःचं एक बाळ नवव्या आठवड्यात गेलंय, त्याबद्दल पुढे सांगते, आणि तेव्हापासून हा विषय मी जमेल तिथून वाचत, डॉक्टरांना विचारत समजून घेतलाय. त्या रात्री बहिणीला फोनवर जे समजावलं तेच इथे नीट लिहितेय, कारण असा कागद हातात घेऊन रात्रभर जागणाऱ्या कितीतरी जणी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे आठवडे. प्रेग्नन्सीचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भ राहिला त्या दिवसापासून नाही. म्हणजे "सहा आठवड्यांची प्रेग्नंट" म्हणतात तेव्हा गर्भ प्रत्यक्षात चारच आठवड्यांचा असतो, आणि हा हिशोब पाळी दर २८ दिवसांनी येते असं धरून केलेला असतो. आता माझ्या बहिणीची पाळी येते ३४-३५ दिवसांनी, पीसीओडी असलेल्या किती तरी मुलींची तर याहूनही उशिरा. अशा वेळी बीज उशिरा सुटतं, गर्भ उशिरा राहतो. पाळीच्या हिशोबाने ती ६ आठवडे ५ दिवसांची होती, खरं वय मात्र जवळजवळ एक आठवडा कमी. या टप्प्यावर एक आठवडा म्हणजे सगळंच, कारण गर्भ दिवसाला साधारण १ मिमी वाढतो आणि आठवड्याभरात चित्रच बदलून जातं.

ते चित्र कसं तयार होतं ते बघा. खालून म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी केली, ज्याला टीव्हीएस म्हणतात, तर साडेचार-पाच आठवड्यांना गर्भपिशवीत एक छोटा काळा ठिपका दिसायला लागतो, ती सॅक, म्हणजे गर्भाची पाण्याची पिशवी. साडेपाचच्या आसपास तिच्यात एक बारीक गोल कडं दिसतं, अंगठीसारखं, ते योक सॅक, नाळ कामाला लागेपर्यंत गर्भाचं पोषण करणारं. आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास त्या कड्याला चिकटून तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसतो, तो गर्भ, आणि त्याच्यातच काहीतरी लुकलुकतं. ते ठोके. कानाला काही ऐकू येत नसतं, पडद्यावर डोळ्याला दिसतं. त्या ठिपक्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे सीआरएल, आणि सॅकची तीन बाजूंनी मोजून काढलेली सरासरी म्हणजे एमएसडी. रिपोर्टमधले सगळ्यात महत्त्वाचे आकडे हे दोनच.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हेच सगळं आठवडाभर उशिरा आणि धूसर दिसतं. म्हणून पोटावरून बघून ठोके नाहीत म्हणाले तर घाबरायच्या आधी विचारा, खालून केली का? खालून करायची म्हटलं की आपल्याकडे बायका लाजतात, घरचे घाबरतात, बाळाला धक्का लागेल म्हणतात. तसं काही नसतं, प्रोब गर्भपिशवीच्या तोंडापर्यंत जातो, आत नाही, आणि त्याने गर्भ पडत नाही. आणि हो, त्यासाठी लघवी तुंबवून बसावं लागत नाही, उलट मोकळी करून जायचं असतं.

आता "संपलं" हे डॉक्टर कधी म्हणू शकतात? टीव्हीएसमध्ये गर्भाची लांबी ७ मिमी किंवा जास्त आहे आणि ठोके नाहीत, किंवा सॅकची सरासरी २५ मिमी किंवा जास्त आहे आणि आत गर्भच नाही, तेव्हा. तिसरी कसोटी दिवसांची, आधीच्या स्कॅनला सॅक आणि योक सॅक दोन्ही दिसले होते आणि त्यानंतर ११ दिवस किंवा जास्त झाले तरी ठोके असलेला गर्भ नाही, किंवा आधी नुसती सॅक होती आणि २ आठवडे उलटूनही तेच. याच्या अलीकडचं सगळं हे "शंका" या खात्यात, निदानाच्या खात्यात नाही. बहिणीचा गर्भ २.६ मिमी होता. २.६ मिमीच्या गर्भात ठोके दिसले नाहीत, यावरून एवढंच म्हणता येतं की अजून दिसले नाहीत. तिच्या डॉक्टरांनी तेच लिहिलं होतं आणि अगदी बरोबर लिहिलं होतं, फक्त ते समजावून सांगायला त्या गर्दीत दोन मिनिटं मिळाली नाहीत.

हे ७ आणि २५ आले कुठून, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण त्यामागे खूप दुःख आहे. आयर्लंडमध्ये २००९ साली एका बाईला बाळ गेलं असं सांगून गोळ्या दिल्या, पिशवी साफ करायची तारीख दिली. तिचं मन मानेना, तिने गोळ्या घेतल्या नाहीत, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन परत तपासून घेतलं आणि ठोके होते. पुढे तिला धडधाकट बाळ झालं. ती हे उघडपणे बोलली आणि मग इतर बायका पुढे यायला लागल्या. तिथल्या सरकारने चौकशी लावली, २०११ला अहवाल आला, त्यात अशा चुकीच्या निदानाच्या २४ केसेस निघाल्या. चोवीस! एवढ्याशा देशात.

त्याच सुमाराला ब्रिटन आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी एक साधाच प्रश्न घेतला, की आपण ज्या आकड्यांवर निदान करतोय ते आकडे सुरक्षित आहेत का? तेव्हा ब्रिटनमध्ये गर्भ ६ मिमी आणि सॅक २० मिमी अशी मर्यादा होती, काही ठिकाणी तर सॅक १६ मिमी झाली की पुरे मानायचे. त्यांनी हजारावर बायकांचे स्कॅन पुढपर्यंत फॉलो केले, आणि दिसलं असं की १६ मिमीची मर्यादा धरली असती तर ४.४ टक्के वेळा जिवंत गर्भाला "गेला" म्हटलं गेलं असतं, २० मिमी धरली तरी ०.५ टक्के. ०.५ टक्के कागदावर बारीक वाटतं, पण दोनशेत एक बाई, आणि तिचं बाळ जिवंत.

दुसरं त्यांनी तपासलं ते मोजमाप. त्याच बाईची तीच सॅक दोन डॉक्टरांनी मोजली तर किती फरक पडतो? एकाचं २० मिमी आलं तर दुसऱ्याचं १६.८ पासून २४.५ पर्यंत काहीही येऊ शकतं. मशीन तेच, बाई तीच. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही, इतकी बारीक आणि वेडीवाकडी पिशवी पडद्यावर बोटाने कर्सर सरकवून मोजायची म्हटल्यावर तेवढा फरक पडणारच. म्हणून मर्यादाच मागे सरकवली, ब्रिटनने २०११ला बदललं, अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१२ला बसून हेच आकडे ठरवले आणि २०१३ला जाहीर केले, आज जगभर तेच वापरतात. ब्रिटनचा नियम तर असा की गर्भ ७ मिमीच्या वर असून ठोके नसले तरी एकाच माणसाच्या एकाच स्कॅनवर थांबायचं नाही, दुसऱ्या डॉक्टरकडून बघून घ्यायचं, किंवा निदान ७ दिवसांनी परत स्कॅन करायचा, किंवा दोन्ही. स्कॅन पोटावरूनच केला असेल तर १४ दिवसांनी.

तेव्हा "अजून दहा दिवस थांबा" म्हणजे डॉक्टर टाळतायत असं नाही, ते दहा दिवस हा तपासणीचाच भाग आहे. आणि विषाचं म्हणाल तर ठोके नसलेला गर्भ आठ-दहा दिवस पोटात राहिला म्हणून विष वगैरे पसरत नाही. ताप, घाण वास येणारा स्राव, धो-धो अंगावर जाणं असं काही नसेल तर थांबण्यात धोका नाही. घाई करण्यात मात्र आहे, कारण गोळी एकदा घेतली की तिचा परिणाम मागे फिरवता येत नाही.

(एक अपवाद. सॅक गर्भपिशवीत दिसलेलीच नाही आणि टेस्ट पॉझिटिव्ह आहे, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तिथे बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी ४८ तासांनी परत करून बघतात. अशा वेळी पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्यात कळ आली, चक्कर आली तर दहा दिवस वगैरे काही नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.)

बहिणीचे ते बारा दिवस कसे गेले ते तिलाच माहीत. दुसऱ्या स्कॅनला मी बरोबर गेले. बाहेर भिंतीवर तो नेहमीचा बोर्ड, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. गर्भलिंग निदानाच्या कायद्याखाली लागणारा एफ फॉर्म भरून घेतला, त्यात सोनोग्राफीचं कारण लिहावं लागतं, आणि गर्भ पिशवीतच आहे ना आणि जिवंत आहे ना हे बघणं हे त्या यादीतलं अधिकृत कारण आहे, हे सांगते कारण काही घरांत सुनेला या स्कॅनला पाठवायलाही कायद्याच्या भीतीने कां-कूं करतात. एवढ्या लवकर लिंग दिसतच नाही मुळात. आत लाइट बंद. डॉक्टर काही बोलेनात, नुसतं माउस फिरवतायत, बहिणीने माझी बोटं इतकी घट्ट धरली की अंगठी रुतली. मग त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. मागच्या वेळचा ठिपका आता काजूएवढा दिसत होता, अर्थात पडद्यावर मोठा केलेला, आणि मधोमध ते लुकलुकणं, भराभर, थांबतच नव्हतं. सीआरएल १३ मिमी, ठोके मिनिटाला १५२. आकारावरून साडेसात आठवडे. तारीखच चुकली होती, बाकी काही नाही.

ही सोनोग्राफी आणि सीआरएलवरून वय काढणं ज्यांनी आपल्याला दिलं त्यांची नावं माहीत असावीत असं मला वाटतं. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड. १९५५ला ते गाठी घेऊन बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले होते, लोखंडात तडा आहे का ते बघायच्या मशीनवर शरीरातल्या गाठी दिसतात का बघायला. त्यातून १९५८ला त्यांचा तो पहिला मोठा पेपर आला. आणि त्याच शहरात ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ला दाखवून दिलं की पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची लांबी मोजून त्याचं वय अगदी थोड्या दिवसांच्या फरकाने सांगता येतं. पाळीची तारीख विसरलेल्या, पाळी अनियमित असलेल्या प्रत्येक बाईचे दिवस आज त्यावरच मोजतात.

बरं, ठोके आले, मग आता धोका किती? ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला २००८ला, ज्यांना रक्तस्राव वगैरे काही त्रास नव्हता आणि स्कॅनला ठोके दिसले अशा ६९६ बायकांचा. ठोके सहाव्या आठवड्यात दिसले असतील तर पुढे गर्भपाताची शक्यता ९.४ टक्के, सातव्यात दिसले तर ४.२, आठव्यात १.५, आणि त्यानंतर १ टक्क्याच्या खाली. किती भराभर उतरतंय बघा. म्हणून आठव्या आठवड्यातला चांगला स्कॅन हा खरा दिलासा असतो, पाचव्या आठवड्यात पळत जाऊन केलेला नाही. त्रास नसेल, आधीचा इतिहास नसेल तर सात-आठ आठवडे पूर्ण होऊ द्या, मग जा, असंच मी प्रत्येकीला सांगते. अर्थात वयाने आकडे बदलतात, नॉर्वेच्या मोठ्या नोंदींमध्ये २५ ते २९ वयात गर्भपाताचं प्रमाण १० टक्के होतं आणि ४५च्या पुढे ५३ टक्के.

ठोके आहेत पण रिपोर्टमध्ये खुणा करून ठेवल्यात, असंही होतं. ठोके मंद असणं ही त्यातली जास्त बोलकी खूण. सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला मिनिटाला १०० च्या वर, सातव्यापर्यंत १२० च्या वर असावेत, ९० च्या खाली असतील तर डॉक्टर गंभीर होतात आणि आठवड्याने परत बोलावतात. योक सॅक ७ मिमीच्या वर फुगलेली असणं, किंवा गर्भाच्या मानाने सॅक फारच घट्ट असणं, याही काळजीच्या खुणा. सबकोरिओनिक हिमाटोमा हा शब्द वाचून मात्र बायका उगाच हबकतात, सॅकच्या बाजूला साकळलेलं रक्त एवढाच त्याचा अर्थ, लहान असेल आणि ठोके चांगले असतील तर बहुतेक वेळा आपोआप जिरून जातं. पहिल्या तीन महिन्यांत डाग लागणं किंवा अंगावर जाणं साधारण चारातल्या एकीला होतं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींची प्रेग्नन्सी पुढे नीट जाते.

आता माझं. मला काहीच त्रास नव्हता, मळमळही होती, साडीच्या दुकानात उभी राहून बहिणीला हळूच सांगूनही झालं होतं. पाळीच्या हिशोबाने ९ आठवडे ३ दिवस, स्कॅनला गर्भ १५ मिमी, ठोके नाहीत. १५ मिमी म्हणजे आठ आठवड्यांच्या आतला. म्हणजे तो वाढत होता आणि दहा-बारा दिवसांपूर्वी शांतपणे थांबला होता, आणि मला कळलंही नव्हतं. ७ मिमीच्या कितीतरी पुढे होता, शंकेला जागा नव्हती, तरी डॉक्टरांनी शेजारच्या केबिनमधून दुसऱ्या मॅडमना बोलावून त्यांनाही दाखवलं. त्या दोन मिनिटांसाठी मी आजही त्यांची आभारी आहे, नंतर कधीच मनात आलं नाही की एकदा परत बघायला हवं होतं. कागदावर "मिस्ड अबॉर्शन" लिहिलेलं होतं. हा शब्द बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं, अबॉर्शन वाचून सासरी कोणी विचारलं की तू काही घेतलंस का? काहीतरी घेऊन पोट पाडणं वेगळं, हे वेगळं. परदेशात आता डॉक्टर "अर्ली प्रेग्नन्सी लॉस" लिहायला लागलेत, आपल्याकडेही लिहावं.

मी काही घेतलं नव्हतं. पपई खाल्ली नव्हती, आणि खाल्ली असती पिकलेली फोड तरी काही झालं नसतं. स्कूटीवरून गेले होते, बादली उचलली होती, त्यानेही झालं नव्हतं. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास तरी गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, बीज एकत्र येतानाच झालेली, ती बाईच्या वागण्याने होत नाही आणि बेडरेस्टने सुधारतही नाही. बेडरेस्टने गर्भपात टळतो याला पुरावा नाही. तरीही पलंगावरून खाली पाय ठेवू देत नाहीत मुलींना.

प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे गर्भ टिकवायला लागणाऱ्या हार्मोनच्या औषधाचं काय, हे सगळ्याच विचारतात, कारण ते सर्रास लिहून दिलं जातं. ब्रिटनमध्ये ४८ हॉस्पिटलांत ४१५३ बायकांवर मोठी चाचणी झाली, २०१९ला निकाल आला. पहिल्या तीन महिन्यांत अंगावर जाणाऱ्या सगळ्यांना दिलं तर फारसा फरक नाही, ७५ टक्क्यांना जिवंत बाळ झालं आणि प्रोजेस्टेरॉन न मिळालेल्यांत ७२. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते आणि आता रक्तस्राव होत होता, त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७. हा फरक मोठा आहे. म्हणून आधी गर्भपात झालेला आहे, आता डाग लागलाय आणि स्कॅनमध्ये गर्भ पिशवीतच आहे, अशांना ते द्यावं असं आता तिथले नियम सांगतात. थांबलेला गर्भ मात्र कुठल्याही इंजेक्शनने परत सुरू होत नाही.

स्कॅनला जाताना शेवटच्या पाळीची तारीख, पाळी किती दिवसांनी येते आणि घरी टेस्ट पहिल्यांदा कधी पॉझिटिव्ह आली हे लिहून न्या, आधीचा रिपोर्ट न्या, आणि शक्य असेल तर दोन्ही स्कॅन एकाच ठिकाणी करा. निदान झालंच तर वाट बघणं, गोळ्या, किंवा पिशवी साफ करणं असे तीन रस्ते असतात, बहुतेक वेळा तिन्हीपैकी निवडायला वेळ असतो, डॉक्टरांना विचारा. आणि नोकरी करणाऱ्यांनी हे माहीत करून घ्या, कायद्यात गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, मी चौथ्या दिवशी ऑफिसला गेले होते.